शाळेचा क्रीडावार्ताहर

शाळाशाळांमधील सामन्यांत प्रत्यक्ष खेळणारे विद्यार्थी थोडेच असतात. कबड्डीच्या संघातून सात जण मैदानात उतरतात, खो-खोच्या संघातून नऊ जण. शाळेतील विद्यार्थ्यांची संख्या मात्र शेकड्यांनी मोजावी लागते. त्यांतील बहुतेकांना सामना पाहावयासही मिळत नाही. कारण तो दूरच्या मैदानावर आणि पुष्कळदा शाळेच्या वेळातच होत असतो. असे असूनही दुसऱ्या दिवशी “आपण जिंकलो” किंवा “आपण हरलो” असे सारी शाळा म्हणते. जो खेळला नाही, ज्याने सामना पाहिलाही नाही, त्याच्या तोंडी हे ‘आपण’ कोठून आले?

ते आले सामन्याच्या हकिगतीतून. कोणीतरी मैदानावर उभे राहून सामना नीट पाहिला, तो टिपून घेतला आणि त्याचे वर्णन शाळेत आणले, म्हणून तो सामना साऱ्या शाळेचा झाला. हे काम अंगावर घेणारा विद्यार्थी म्हणजे शाळेचा क्रीडावार्ताहर. त्याच्या अंगावर संघाचा पोशाख नसतो आणि त्याला पदकही मिळत नाही. तरी शाळेचा अभिमान जागता ठेवण्यात त्याचा वाटा खेळाडूंच्या खालोखाल असतो. हे काम कसे करावे आणि ते करताना कोणते पथ्य पाळावे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्यात, आणि साऱ्या महाराष्ट्रातही, दरवर्षी शालेय क्रीडास्पर्धा भरतात. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा त्यांच्या चढत्या पायऱ्या आहेत. चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील मुले आणि मुली यांचे गट निराळे असतात. खेळ अनेक, गट अनेक आणि शाळा तर त्याहूनही अनेक. इतक्या सामन्यांचे सविस्तर वर्णन कोणत्याही दैनिकाला देता येणे शक्य नाही. पहिल्या फेरीत हरलेल्या संघाचे नावही बहुधा छापले जात नाही. पण त्या संघातील एखाद्या मुलीच्या आयुष्यात तोच सामना पहिला आणि शेवटचा असू शकेल. पुढल्या वर्षी ती वयोगटाबाहेर जाईल, अथवा घरच्या कामामुळे तिचा खेळ सुटेल. त्या दिवशी तिने केलेली एखादी उत्तम पकड शाळेच्या वार्ताहराने टिपली नाही, तर तिची नोंद जगात अन्यत्र कोठेही राहणार नाही. या कामाची जबाबदारी केवढी आहे, हे यावरून ध्यानात येईल.

मराठी क्रीडापत्रकारितेत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते वि. वि. करमरकर मूळचे नाशिकचेच. १९६२ साली मुंबईत ‘महाराष्ट्र टाइम्स’ हे दैनिक सुरू झाले. त्याचे क्रीडासंपादक म्हणून करमरकरांनी दीर्घकाळ काम केले. पूर्वी मराठी दैनिकांत खेळांच्या वार्ता कोठेतरी कोपऱ्यात येत असत. करमरकरांनी खेळाला वृत्तपत्राचे स्वतंत्र पान मिळवून दिले. त्या पानावर क्रिकेटबरोबरच कबड्डी, खो-खो, कुस्ती या देशी खेळांनाही त्यांनी मानाची जागा दिली. २०२३ साली त्यांचे निधन झाले. देशी खेळांचे वर्णन मराठी वाचक आवडीने वाचतो, हे त्यांनी आपल्या कामाने दाखवून दिले. गावातील मुले ज्या मैदानावर खेळतात, त्या मैदानाकडेही वार्ताहराने तितक्याच आदराने पाहावे, हा धडा शाळेच्या वार्ताहरालाही घेण्यासारखा आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. वार्ताहराचे काम सामन्याच्या आधीच सुरू होते. वही, पेन्सिल आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ एवढे साहित्य पुरे. दोन्ही संघांची यादी आधी मिळवावी आणि प्रत्येक खेळाडूचे नाव व क्रमांक शुद्ध लिहून घ्यावा. आपले नाव चुकीचे छापलेले पाहून खेळाडूला जे वाईट वाटते, ते नाव मुळीच न आल्याच्या दुःखापेक्षा कमी नसते. सामना चालू असताना गुण जसजसे होतील, तसतसे ते लिहीत जावे. स्मरणावर विसंबू नये. सामना संपल्यावर आपले आकडे गुणलेखकाच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. नंतर दोन्ही कर्णधारांना एकेक प्रश्न विचारावा. केवळ आपल्याच कर्णधाराशी बोलणाऱ्या वार्ताहराला अर्धाच सामना कळतो. वर्णन त्याच संध्याकाळी लिहून काढावे. रात्र उलटली की आठवणीत कल्पनेची भर पडू लागते.

आकडे नीरस असतात, असे काहींना वाटते. पुढील उदाहरण पाहिले म्हणजे तो समज दूर होईल. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्याच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत याच शर्यतीत तिला रौप्यपदक मिळाले. तेथे केरळची प्रीजा श्रीधरन पहिली आली. प्रीजाची वेळ होती ३१ मिनिटे ५०.४७ सेकंद आणि कविताची ३१ मिनिटे ५१.४४ सेकंद. चारशे मीटरच्या धावपट्टीला पंचवीस फेऱ्या घातल्यानंतर या दोन भारतीय मुलींमधील अंतर पुरते एक सेकंदही नव्हते! “कविता दुसरी आली” एवढेच लिहिले, तर वाचकाला काहीच दिसत नाही. “अत्यंत थरारक झुंज झाली” असे लिहिले, तरी त्याला नुसता शब्दांचा आवाज ऐकू येतो. ते दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले, की शर्यतीचा शेवट डोळ्यांपुढे उभा राहतो. अचूक आकडा हे वार्ताहराच्या हातातील सर्वांत बोलके साधन होय.

परंतु सर्वच गोष्टी आकड्यांत येत नाहीत. खो-खोमध्ये जो गडी बाद करतो, त्याच्या नावापुढे गुण मांडला जातो. त्याच्या आधी योग्य क्षणी खो देऊन पळणाऱ्याची वाट ज्याने अडवली, त्याच्या नावापुढे काहीही मांडले जात नाही. कबड्डीतही चढाई करणाऱ्याचा पाय एक जण धरतो. पण त्याला मध्यरेषेपर्यंत जाऊ न देणारी साखळी दुसऱ्यांनी धरलेली असते. वार्ताहराने अशा खेळाडूंकडे मुद्दाम लक्ष द्यावे.

आपल्याच जिल्ह्यातील आणखी एक उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या गावचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर नौकानयन शिकला. २०१६ साली त्याने रिओ ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले आणि २०१८ साली आशियाई स्पर्धेत तो सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. नाशिककरांनी त्याचा अभिमान बाळगावा, हे योग्यच आहे. तथापि, ते सुवर्णपदक चौघांच्या नावेने जिंकले होते. स्वर्णसिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग हे त्याचे तीन सोबती होते. चौघांची वल्ही एकाच तालात पाण्यात पडली नसती, तर नाव पुढे गेली नसती. आपल्या माणसाचे कौतुक करताना त्याच्या सोबत्यांची नावे वगळू नयेत. तसे केल्याने आपल्या माणसाचा मान कमी होत नाही.

वार्तेची भाषा कशी असावी, हा पुढचा प्रश्न. समजा, मुलींच्या कबड्डीच्या सामन्यात आपली शाळा २८ विरुद्ध २९ अशी एका गुणाने हरली. एका वार्ताहराने लिहिले :

“नशिबाने दगा दिल्यामुळे आपल्या वाघिणींना निसटता पराभव पत्करावा लागला. एरवी त्यांनी प्रतिस्पर्ध्यांचा धुव्वाच उडवला असता.”

दुसऱ्याने लिहिले :

“मध्यंतरास आपला संघ ११-१७ असा सहा गुणांनी मागे होता. उत्तरार्धात डाव्या कोपरारक्षक मुलीने लागोपाठ तीन पकडी केल्या आणि प्रतिपक्षावर लोण चढले. या सत्रात आपण १७ गुण मिळवले व १२ दिले. प्रतिपक्षाच्या कर्णधाराने शेवटच्या दोन चढायांत धीर न सोडता बोनस गुण घेतले, आणि सामना एका गुणाने त्यांच्याकडे गेला.”

पहिली वार्ता आवेशाची आहे. पण ती वाचून सामन्यात काय घडले, ते कळत नाही. दुसरीत एकही भडक विशेषण नाही. तरीही ती वाचणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या मुलींचा खरा अभिमान वाटेल. कारण सहा गुणांची पिछाडी त्यांनी कशी भरून काढली, हे त्याला दिसेल. शिवाय प्रतिपक्ष का जिंकला, हेही त्याला कळेल आणि पुढल्या सामन्याची तयारी कोठे करावयास हवी, हे संघाच्याही ध्यानात येईल. ‘धुव्वा’, ‘नामुष्की’, ‘बदला’ हे शब्द शाळेच्या मैदानावर शोभत नाहीत. आज समोर उभा असलेला खेळाडू उद्या आपला सोबती होऊ शकतो. कारण राज्याचा संघ निवडताना निरनिराळ्या शाळांचे आणि जिल्ह्यांचे खेळाडू एकत्र येतात.

यापेक्षा कठीण प्रसंगही येतात. अंतिम सामन्यात शेवटची चढाई आपली आहे, असे समजा. आपला खेळाडू गडी मारून परतत असताना मध्यरेषेच्या अलीकडेच त्याचा दम सुटला. रेषेजवळ उभ्या असलेल्या वार्ताहराने ते स्पष्ट ऐकले. पंचांना ते ऐकू आले नाही. त्यांनी गुण दिला आणि आपण एका गुणाने जिंकलो. प्रतिपक्षाने हरकत घेतली, ती मान्य झाली नाही. आता वार्ताहराने काय लिहावे? सारी शाळा आनंदात आहे, खेळाडू त्याचा जिवलग मित्र आहे आणि शाळेत दुसरे कोणी ते जाणत नाही.

येथे दोन गोष्टींत भेद केला पाहिजे. निकाल देणे हे पंचांचे काम आहे. वार्ताहराने स्वतः पंच होऊन निकाल फिरवू नये किंवा आपल्या मित्राला गुन्हेगार ठरवू नये. पण जे घडले ते लपवणे, हेही त्याचे काम नव्हे. “शेवटच्या चढाईबद्दल प्रतिपक्षाने दम सुटल्याची हरकत घेतली, पंचांनी ती अमान्य करून आपल्या संघास गुण दिला,” असे एक वाक्य त्याने अवश्य लिहावे आणि ‘निर्विवाद विजय’ हे शब्द टाळावेत. त्या एका वाक्यासाठी त्याला वर्गात थोडे बोलणे ऐकावे लागेल, कदाचित मित्राचा रोषही सोसावा लागेल. तथापि, त्यानंतर त्या शाळेची वार्ता इतर शाळाही विश्वासाने वाचतील. ज्या वार्ताहराने अडचणीचे सत्य लिहिले, त्याने पुढे केलेले कौतुक कोणालाही खोटे वाटत नाही.

शाळेच्या वार्ताफलकावर लिहिलेला मजकूर पूर्वी शाळेच्या आवारातच राहत असे. भित्तिपत्रक महिनाभर भिंतीवर असे आणि हस्तलिखित वार्षिक ग्रंथालयाच्या कपाटात जाई. फलक आणि भित्तिपत्रक आजही आहेत. त्यांच्या जोडीला आता भ्रमणध्वनी आला आहे. त्याच्यामुळे पेठ-सुरगाण्याच्या मैदानावरील निकाल क्षणात नाशिक शहरात पोहोचतो, कामासाठी परगावी गेलेल्या आईवडिलांनाही आपल्या मुलीचा खेळ पाहता येतो. ही मोठीच सोय आहे. पण तिच्याबरोबर जबाबदारीही वाढली आहे. फलकावरील चूक ओल्या फडक्याने पुसता येते, दूरवर गेलेला शब्द परत बोलावता येत नाही. म्हणून मजकूर पाठवण्यापूर्वी तो शिक्षकांना दाखवावा. पडलेल्या, रडणाऱ्या किंवा जखमी खेळाडूचे छायाचित्र थट्टेसाठी कधीही देऊ नये. कोणाचेही चित्र देण्याआधी त्याची व घरच्यांची संमती घ्यावी. चांगल्या खेळासाठी टाळ्या मिळवाव्यात. कोणाच्या फजितीवर हशा मिळवू नये.

शाळेचा अभिमान घोषणांनी एक दिवस उसळतो आणि दुसऱ्या दिवशी ओसरतो. आपल्या शाळेत कोण कसे खेळले, कोणी हरतानाही धीर सोडला नाही, कोणी दुसऱ्याला पुढे जाऊ दिले, हे ज्याला ठाऊक असते, त्याचा अभिमान टिकतो. ही माहिती खरी, नेमकी आणि न्याय्य रीतीने शाळेपुढे ठेवणे हेच क्रीडावार्ताहराचे कार्य होय. तुमच्यापैकी ज्याला धावण्याचा वेग लाभला नसेल, ज्याची संघात निवड झाली नसेल, त्याने खंत करीत घरी बसू नये. पुढच्या सामन्याला वही घेऊन मैदानावर जावे. दोन्ही संघांची नावे लिहून घ्यावीत आणि पहिली चढाई सुरू होताच डोळे उघडे ठेवून लिहू लागावे.