फेशियलला जाण्याआधी…

घरात लग्न ठरलं, की साड्या, ब्लाउज, आहेर यांच्या यादीत शेवटी एक ओळ हमखास असते – ‘फेशियल’. आणि ते आपण करतो कधी? तर लग्नाच्या आदल्या दिवशी, सगळी कामं उरकल्यावर! मैत्रिणींनो, इथंच आपलं चुकतं.

माझ्या धाकट्या जावेचंच पाहा ना. भावाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ती पार्लरमध्ये गेली. ‘चेहऱ्याला काही लावता का?’ असं तिथल्या बाईंनी विचारलं, तर ही म्हणाली, ‘छे, काही नाही!’ वास्तविक वांगाचे डाग जावेत म्हणून शेजारणीनं सुचवलेलं एक मलम ती चार महिने गुपचूप लावत होती. संध्याकाळपर्यंत गाल लालबुंद, नुसती आग आग! लग्नाच्या प्रत्येक फोटोत ती मागच्या रांगेत, गालावर पदर ओढून उभी आहे. पुढे डॉक्टरांनी ट्यूब पाहिली तेव्हा कळलं, त्या मलमात स्टेरॉइड होतं.

अशा मलमानं सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो खरा. पण हळूहळू कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम आणि लव वाढते. त्यावर स्क्रब आणि मसाज कसा सोसणार? ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव असेल, तर फेशियल रहित करा आणि आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मलम एकाएकी बंद केलं तरी चेहरा उसळतो, म्हणून तेही त्यांच्या सल्ल्यानंच सोडायचं.

आता तयारीचं बोलू. पहिल्यांदाच फेशियल करणार असाल, तर ते कार्याच्या महिनाभर आधी एकदा करून बघा. काय सोसतं, काय नाही ते कळतं. नेहमीचं असेल तर ४-५ दिवस आधी करा. ब्लीच किंवा नवीन क्रीम लावायचं असेल, तर आदल्या दोन दिवसांत थोडंसं कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. खाज सुटली, लाली आली, तर ते चेहऱ्याला नकोच.

रेटिनॉल किंवा मुरुमांसाठीचं ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापालीन लावत असाल, तर साधारण आठवडाभर आधी थांबावं लागतं. औषध डॉक्टरांनी दिलेलं असेल, तर त्यांना विचारून. मुरुमांच्या गोळ्या चालू असतील, तर वॅक्सिंग आणि स्क्रबला हात लावू नका. आधीचे २-३ दिवस डाळीच्या पिठानं खसाखसा चोळणं, लिंबू, सोडा बंद. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं, तर काळे चट्टे पडतात. थ्रेडिंग, वॅक्सिंगही त्याच दिवशी नको. एक-दोन दिवस आधी उरकून घ्या. पिकलेले मुरुम, ओठांवर जर उठलेलं, कुठं जखम असेल, तर सरळ पुढची तारीख घ्या.

जाताना चेहरा साध्या पाण्यानं धुवा. पावडर-काजळ काही नको. टिकली काढल्यावर कपाळावर खाज किंवा पांढुरका डाग दिसतो का, तेही बघा. टिकलीच्या गोंदानं कधी कधी असं होतं. कानातलं, गळ्यातलं घरीच कपाटात ठेवलेलं बरं. तिथं गेल्यावर टॉवेल धुतलेला आहे ना, क्रीम बोटांऐवजी चमच्यानं काढतात ना, इकडे लक्ष असू द्या. बोलायला संकोच कसला? पैसे आपण मोजतो!

घरी आल्यावर त्या दिवशी साबण नको, कडक ऊन नको, कढईपुढे उभं राहणंही टाळता आलं तर उत्तम. एक दिवस पोळ्या दुसऱ्या कोणी लाटल्या, तर काही बिघडत नाही.

आणि एक मनापासून सांगते. फेशियलनं चेहरा स्वच्छ, तुकतुकीत दिसतो, मनालाही विसावा मिळतो. वांग त्यानं जात नाही, रंग बदलत नाही. आणि बदलायची गरजही नाही. जाऊ आता कुठल्याही पार्लरमध्ये गेली, की विचारायच्या आधीच काय काय लावते ते सांगून मोकळी होते. तुम्हीही तेवढं करा. चेहऱ्यावर हात फिरवणाऱ्या बाईपाशी लपवून ठेवण्यासारखं काही नसतं!