गळकी गच्ची : मलम की शस्त्रक्रिया?

पावसाळ्यात छताला ओल आली की अनेक जण गच्चीवर रसायनाचा एक हात मारून मोकळे होतात. दुखणे मात्र बहुधा आत असते.

काँक्रीटचा अल्कधर्मी गुण सळईला गंजण्यापासून वाचवतो. वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरला की हे कवच संपते. गंजलेली सळई मूळ आकारापेक्षा फुगते, काँक्रीटला तडे जातात आणि खालचे पोपडे सुटतात.

म्हणून आधी तपासणी हवी. हातोडीने ठोकून पाहिल्यावर पोकळ आवाज आला, तर तिथले काँक्रीट सुटलेले असते. सळया थोड्याच गंजल्या असतील, तर सैल भाग काढून, गंज घासून, पॉलिमर मॉर्टर भरता येते. सळया बारीक झाल्या असतील किंवा स्लॅब वाकला असेल, तर तो नव्याने ओतायचा का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच ठरवावे.

गच्चीवरच्या विटांच्या जुन्या कोब्यावर (जलरोधक थरावर) नवा कोबा चढवू नये. चार-साडेचार इंचांच्या थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भरते. जुना थर काढून, 100 फुटांना किमान 1 फूट उतार द्यावा.

काम झाल्यावर गच्चीत किमान 24 तास पाणी साठवून पाहावे. ही चाचणी झाल्याशिवाय कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता देऊ नये.