दिवाळखोरीची नोंद कुठे शोधायची?

फ्लॅटचं टोकन देण्याआधी, कारखान्याला लाखोंचा माल उधारीवर सोडण्याआधी किंवा थकलेला पगार मागायला निघण्याआधी समोरच्याचं दिवाळं तर निघालेलं नाही ना, हे पाहून घ्यावं असं आता पुष्कळांना वाटतं. ते योग्यच आहे. पण पाहायचं कसं, याबद्दलच्या समजुती मात्र फार ढिल्या आहेत. सगळ्यांत पक्की समजूत ही, की दिवाळखोरी म्हणजे कोर्टाचं काम, कोर्ट म्हणजे जिल्ह्याचं कोर्ट आणि जिल्हा कोर्टातली प्रकरणं ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दिसतात. तेव्हा तिथे नाव टाकायचं आणि काही निघालं नाही की निर्धास्त व्हायचं. प्रत्यक्षात सगळ्या दिवाळखोरांची मिळून एकच वही भारतात कुठेही ठेवलेली नाही. नोंद कोणत्या दाराशी सापडेल हे आधी कर्जदार कायद्याच्या लेखी कोण आहे यावर ठरतं: कंपनी, भागीदारी, एकटा माणूस की सहकारी संस्था. गावाचा प्रश्न त्यानंतरचा. हे न ठरवता केलेल्या शोधातून ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर आलं, तर त्या उत्तरावर पैसे गुंतवणं धोक्याचं आहे.

कंपन्यांचं पाहू. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतली कंपन्यांविषयीची मुख्य कलमं १ डिसेंबर २०१६ पासून अमलात आली. तेव्हापासून कंपनी आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) यांची प्रकरणं राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे, म्हणजे सगळे ज्याला एनसीएलटी म्हणतात तिथे चालतात. हे न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयांच्या ई-कोर्ट्समध्ये येत नाही. त्याचं संकेतस्थळ वेगळं आहे. महाराष्ट्र आणि गोवा या दोन्हींसाठी खंडपीठ मुंबईला. व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचं नोंदणीकृत कार्यालय पैठण तालुक्यातल्या चितेगावात, पण २०१८ साली सुरू झालेली तिची दिवाळखोरी मुंबई खंडपीठापुढे चालली. छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात ती शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. ‘मुंबईची कंपनी म्हणजे मुंबईचं खंडपीठ’ हाही भरवशाचा नियम नाही. गो फर्स्ट ही विमान कंपनी मुंबईच्या वाडिया समूहाची, तिचा कारभार वरळीतून चालायचा. तरी मे २०२३ मध्ये तिची प्रक्रिया सुरू झाली ती दिल्लीत, कारण नोंदणीकृत कार्यालय दिल्लीत होतं. खंडपीठ ठरतं ते त्या एका पत्त्यावरून. कारखाना कुठे आहे, मालक कुठे राहतो, बोर्ड कुठे लागला आहे, यावरून ते ठरत नाही.

म्हणून शोधाची पहिली पायरी एनसीएलटीवर नसून कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. तिथे कंपनीचा ‘मास्टर डेटा’ फुकट पाहता येतो: पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता, सद्यस्थिती आणि सीआयएन हा एकवीस अक्षरांचा ओळख क्रमांक. या क्रमांकात राज्याची दोन अक्षरं आणि कंपनी स्थापन झाल्याचं साल असतं. त्यामुळे एकसारख्या नावाच्या दोन कंपन्यांची गल्लत होत नाही. घर घेणाऱ्यांनी तर हे जरूर करावं. जाहिरातीत समूहाचं नाव झळकतं, पण प्रकल्प बहुधा त्यासाठीच काढलेल्या वेगळ्याच कंपनीच्या नावावर असतो. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, नोंदणीत प्रवर्तक म्हणून जे नाव आहे ते घ्यायचं आणि तेच शोधायचं. २०२३ साली महारेराने दिवाळखोरीच्या कारवाईत सापडलेल्या विकासकांच्या ३०८ प्रकल्पांची यादी जाहीर केली होती. ती उपयोगाची होती, पण अशी यादी त्या दिवसापुरती खरी असते. पुढच्या महिन्यात कोणाची भर पडली हे तिच्यावरून कळत नाही.

नाव हाती आलं की एनसीएलटीवर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. इथे एक बारीक गोष्ट हुकते. बँकेने किंवा माल पुरवणाऱ्याने अर्ज केला असेल तर कंपनी प्रतिवादी असते, पण संहितेच्या कलम १० खाली कंपनी स्वतःच अर्ज करू शकते आणि तेव्हा ती अर्जदार असते. गो फर्स्टने तेच केलं होतं. फक्त प्रतिवादींत शोधणाऱ्याला असं प्रकरण दिसणारच नाही. तसंच, चालू आणि निकाली अशा दोन्ही प्रकरणांत पाहायला हवं, आणि नावातलं ‘अँड’ किंवा ‘प्रायव्हेट’ वेगळ्या पद्धतीने लिहिलं गेलं असेल हे धरून नावाचा पहिला ठळक शब्दच टाकावा. याच्या जोडीला नादारी आणि दिवाळखोरी मंडळाचं, म्हणजे आयबीबीआयचं, संकेतस्थळ पाहावं. सामान्य माणसाला तेच जास्त सोपं जातं असं माझं मत आहे. प्रक्रिया सुरू झाली की ती चालवायला नेमलेल्या अंतरिम निराकरण व्यावसायिकाला नेमणुकीपासून तीन दिवसांत ‘फॉर्म ए’ या नमुन्यात जाहीर सूचना काढावी लागते: एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वृत्तपत्रात, कंपनीचं संकेतस्थळ असेल तर तिथे, आणि आयबीबीआयवर. त्या एका पानात कंपनीचा सीआयएन, पत्ता, प्रक्रिया सुरू झाल्याची तारीख, व्यावसायिकाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि ईमेल, आणि दावे देण्याची शेवटची तारीख असं सगळं असतं. ती तारीख नेमणुकीपासून चौदा दिवसांची असते. ज्याचा पगार, ठेव किंवा बिल अडकलं आहे त्याला खटल्याच्या क्रमांकापेक्षा ही तारीख महत्त्वाची.

आता उलट बाजूचा गैरसमज, जो माझ्या मते अधिक नुकसान करतो: एनसीएलटीवर नाव दिसलं म्हणजे दिवाळं निघालं. अर्ज दाखल होणं आणि अर्ज दाखल करून घेतला जाणं यांत मोठं अंतर आहे. बिल थकलं म्हणून पुरवठादाराने केलेला अर्ज फेटाळला जातो, तडजोड होऊन मागे घेतला जातो. प्रक्रिया सुरू झाल्यावरसुद्धा धनकोंच्या समितीने ९० टक्के मतांनी मान्यता दिली तर तो मागे घेता येतो. ‘निकाली’ या शब्दावरून यातलं काय झालं ते समजत नाही. आदेश उघडून शेवटचे परिच्छेद वाचावेच लागतात. शिवाय प्रक्रिया सुरू होणं म्हणजे कंपनी बुडणं नव्हे. आधी तिला नवा मालक शोधण्याचा प्रयत्न होतो आणि तो फसला तर मालमत्ता विकून धनकोंचे पैसे भागवायची वेळ येते. जेट एअरवेजची प्रक्रिया जून २०१९ मध्ये सुरू झाली, जून २०२१ मध्ये एनसीएलटीने तिच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कंपनी विकून मोकळी करण्याचा आदेश दिला. ज्याने २०२१ चा आदेश वाचून शोध थांबवला असता, तो विमानं पुन्हा उडतील अशा समजुतीत राहिला असता. म्हणजे सापडलेला कागद शेवटचा आहे का, त्यावर अपील झालं का, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

याच भागात आणखी दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात. मास्टर डेटात कंपनीसमोर ‘स्ट्राइक ऑफ’ लिहिलेलं असेल तर तिचं नाव निबंधकाच्या नोंदवहीतून काढलं गेलं आहे, बहुधा व्यवसाय बंद असल्यामुळे किंवा विवरणपत्रं न भरल्यामुळे; ती दिवाळखोरी नव्हे. आणि वर्तमानपत्रात बँकेची ‘ताबा सूचना’ आली तर ती २००२ च्या सरफेसी कायद्याखालची तारण वसुली असते. ती कर्ज थकल्याचा पुरावा जरूर आहे, दिवाळखोरीच्या आदेशाचा नाही.

माणसांच्या बाबतीत चित्र अजून जुनंच आहे, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसतं. नव्या संहितेतला व्यक्ती आणि भागीदारी संस्थांचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती अधिसूचना वैध ठरवली. अशा हमीदाराची कंपनी एनसीएलटीपुढे असेल तर त्याचं प्रकरणही तिथेच. बाकी दुकानदार, प्रोप्रायटर, भागीदार यांच्यासाठी अजून इंग्रजी अमदानीतले दोन कायदे चालतात: मुंबईसाठी १९०९ चा, ज्यात अर्ज उच्च न्यायालयात होतो आणि मालमत्ता ऑफिशियल असाइनीकडे जाते, आणि जिल्ह्यांसाठी १९२० चा, ज्यात अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. ई-कोर्ट्स उपयोगी पडतं ते इथे, आणि तिथेही नावाच्या शोधाला साल द्यावं लागतं. एकाच सालात पाहून थांबलं तर शोध अपुरा राहतो. प्रत्येक साल वेगळं पाहावं लागतं. नादार ठरवल्याचा आदेश या दोन्ही कायद्यांखाली राजपत्रात छापावा लागतो, तोही एक माग आहे.

महाराष्ट्रात सर्वांत जास्त माणसांचा संबंध येतो तो मात्र यांतल्या कशाशीच नाही. पतसंस्था, सहकारी साखर कारखाना, सूतगिरणी, सहकारी बँक या कंपन्या नव्हेत. राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली निबंधक त्यांना अवसायनात काढतो आणि अवसायक नेमतो. बँकेच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचा परवाना रद्द होण्याचा आदेश आधी येतो. पतसंस्थेत ठेव अडकलेल्या माणसाने एनसीएलटीवर कितीही शोधलं तरी पान कोरंच येणार, आणि ते पाहून ‘अजून काही झालेलं नाही’ असं समजून तो अवसायकाकडे दावा द्यायचा राहील. त्याने जायचं ते तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे. संस्था बहुराज्यीय असेल तर दार दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाचं. इतक्या लोकांच्या पैशाशी संबंध असलेली ही नोंद घरबसल्या एका ठिकाणी सहज दिसत नाही, ही आपल्या व्यवस्थेतली खरी उणीव आहे आणि ती भरून निघायला हवी.

यावर कोणी म्हणेल, एवढं सगळं सामान्य माणसाने का करावं, वकील आहेत. दावा लढवायला वकील हवाच. पण कोणत्या दाराशी जायचं हे ठरवायला लागणारी माहिती सरकारी संकेतस्थळांवर फुकट आहे, आणि वकिलाकडे कंपनीचं बरोबर नाव व सीआयएन घेऊन गेलेल्याचं काम लवकर होतं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: धंद्यात हरलेल्या माणसाची नोंद अशी चव्हाट्यावर का असावी? याचं उत्तर कायद्याच्या रचनेत आहे. प्रक्रिया सुरू झाली की कंपनीविरुद्धचे दावे आणि वसुली थांबते. ज्यांचा हक्क असा थांबवला जातो त्यांना ते कळवणं ही त्या संरक्षणाची अटच आहे, म्हणून जाहीर सूचना आणि आदेश खुले असतात. खटल्याची पूर्ण फाईल मात्र तशी खुली नसते. एनसीएलटीच्या नियमांप्रमाणे पक्षकार नसलेल्याला ती पाहायला रजिस्ट्रारची लेखी परवानगी लागते.

डिसेंबर २०१६ च्या आधीचं काही शोधायचं असेल, विशेषतः मुंबईतल्या बंद गिरण्यांच्या देण्यांसंबंधी, तर एनसीएलटी सोडून मुंबई उच्च न्यायालयातल्या कंपनी याचिका आणि तिथल्या ऑफिशियल लिक्विडेटरचं कार्यालय गाठावं. आणि व्यवहार चालू असेल तर शोध करार होईल त्या दिवशी पुन्हा घ्यावा, कारण आदेश निघणं आणि तो संकेतस्थळावर येणं यात दिवस जाऊ शकतात. खाजगी संकेतस्थळांवरची माहिती तर याहून मागे असू शकते. शंका राहिलीच, तर फॉर्म ए वर छापलेल्या ईमेलवर निराकरण व्यावसायिकाला सरळ विचारावं.