रक्तातला धूर

१९०६ साली आलोइस अल्झायमर यांनी हा आजार मांडला. त्याची खूण त्यांना सापडली ती रुग्ण बाई वारल्यावर, तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना. पुढे पाठीच्या कण्यातलं पाणी काढून किंवा पेट स्कॅन करून ती जिवंतपणी शोधता येऊ लागली. आता रक्त पुरतं. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा पहिल्या चाचणीला परवानगी दिली, पण ५५ वर्षांपुढच्या आणि लक्षणं दिसू लागलेल्या माणसांसाठीच. ही अट आपण नीट समजून घेऊ.

चाचणी मोजते पी-टाऊ २१७ आणि अमिलॉइड या दोन प्रथिनांचं गुणोत्तर. आपले नैयायिक म्हणतात तसं, हे धुरावरून अग्नीचं अनुमान. मेंदूत अमिलॉइड साठलंय, हे अनुमान बरंच पक्कं आहे. मूत्रपिंडं बिघडलेली असली तरी पी-टाऊ वाढतो, म्हणजे तिथे आपण वाफेलाच धूर समजण्याचा धोका असतो, एवढं ध्यानात ठेवायचं.

आपल्याला धास्ती असते ती मात्र दुसऱ्याच अनुमानाची: अमिलॉइड आहे, म्हणजे स्मृतिभ्रंश होणारच. ही व्याप्ती सिद्ध नाही हो! अमिलॉइड लक्षणांच्या १५-२० वर्षं आधीपासून साठू लागतं, आणि ते साठलेली कितीतरी म्हातारी माणसं शेवटपर्यंत शाबूत डोक्याने जगतात.

म्हणून धडधाकट माणसाने नुसत्या काळजीपोटी ही तपासणी करू नये, असं आम्हाला वाटतं. लक्षणं असतील तर डॉक्टरांना विचारून जरूर करावी. लेकॅनेमॅबसारखी औषधं सुरुवातीच्या टप्प्यातच देतात. गेलेली आठवण ती परत आणत नाहीत, आजाराची गती थोडी कमी करतात. पण आधी बी-१२ आणि थायरॉइड पाहून घ्या. त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं, आणि ते बऱ्याचदा औषधाने सुधारतं.