रात्री तीन वाजताची भीती

मागच्या व्याख्यानानंतर एक मुलगी थांबली होती. आठवा महिना संपत आलेला. म्हणाली, "सर, रात्री तीनला जाग येते ती येतेच. डॉक्टर म्हणतात, सगळं नॉर्मल आहे. मग मला भीती कसली वाटते?" मी डॉक्टर नव्हे, पण हा शेवटचा प्रश्न आमच्या खात्यातला आहे, म्हणून आज त्यावर बोलतो.

डेन्मार्कच्या किर्केगार्दने १८४४ साली चिंतेवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की भीतीला विषय असतो, चिंतेला नसतो. साप दिसला तर बाजूला होता येतं. 'काहीतरी होईल' यापासून बाजूला कसं होणार? मी तिला म्हटलं, "अगं, त्या 'काहीतरी'चे तुकडे कर." तिने तिथेच सुरुवात केली: तारीख उलटली तर? दूधच आलं नाही तर?

आता बघा, तुकडे झाले की प्रत्येकाचा स्वभाव वेगळा निघतो. तारीख मुळात अंदाजाची. नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बाळं थोडीच. काही भीती मात्र ऐकायच्याच असतात. बाळाची हालचाल कमी झाली, रक्त दिसलं, पाणी गेलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे धूसर झालं, की किर्केगार्द बाजूला ठेवायचा आणि रात्री तीनला का होईना, दवाखाना गाठायचा.

दुधाची भीती निराळी, बरं का. तिच्यात बाळंतिणीपेक्षा घरच्यांचा हात जास्त. आमच्या थोरलीच्या वेळी घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी पहिलं पिवळसर दूध पिळून टाकायला लावलं आणि बाळाला मध चाटवला. खरवसासाठी गवळ्याकडे आठ दिवस आधी चीक सांगून ठेवणारं आमचं घर, आणि माणसाचा चीक मोरीत! मी तेव्हा कॉलेजात ज्ञानमीमांसा शिकवत होतो. दाराबाहेर गप्प उभा राहिलो.

तो चीक थोडाच असतो, पण बाळाचं पोटही तेव्हा एवढंसंच असतं, आणि रोगांशी लढायचं पहिलं बळ त्यातूनच मिळतं. भरपूर दूध उतरायला साधारण दोन ते चार दिवस लागतात, सिझेरियननंतर कधी थोडे जास्त. नेमक्या त्या दिवसांत कुणीतरी निकाल देतं, "हिला दूध नाही." बाटली येते. बाळ कमी ओढतं, म्हणून दूध कमी होतं, आणि निकाल खरा ठरतो! भाकीतच इथे कारण होऊन बसतं. दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नका, लंगोट मोजा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी ओले हवेत, आणि वजन वाढायला लागलेलं हवं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्या आणि सहा महिने दुसरं काही नको. मध तर वर्षाच्या आत नकोच. काहींना खरोखरच दूध कमी येतं. तिथे डॉक्टरांना विचारून वरचं द्यावं, त्यात अपराध कसला?

जाताना ती म्हणाली, "पुढच्या वेळी आईला आणि सासूबाईंना घेऊन येते." मी म्हटलं, "आण. पण नवऱ्याला आधी आण. दाराबाहेर तोच उभा असतो."