वरठीची आच आणि शहरांचा कचरा

मुंबई-हावडा मार्गावरचं भंडारा रोड स्थानक वरठीत आहे आणि वरठीतच सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. तिथे कोळशावर स्पंज आयर्न तयार होतं. फिरत्या भट्टीत लोहखनिज वितळवत नाहीत, सुमारे 1000 अंशांवर त्यातला ऑक्सिजन तेवढा काढून घेतात. या प्रक्रियेतून निघणारा वायू 900 अंशांच्या आसपास तापलेला असतो आणि त्यात जळू शकणारा कार्बन मोनॉक्साइडही असतो. तो पुढच्या कक्षात जाळायचा, ती आच बॉयलरला द्यायची आणि वाफेवर टर्बाइन फिरवायचं. त्या वाफेसाठी वेगळा कोळसा लागत नाही. गार झालेल्या मालातून लोहचुंबकाने लोखंड वेगळं केलं की अर्धवट जळालेला कोळसा उरतो. त्याला डोलोचार म्हणतात. हवेच्या झोतावर इंधन खेळतं ठेवणाऱ्या बॉयलरमध्ये तोही जळतो.

मात्र मूळ कोळशातच असल्याने या विजेला हरित म्हणता येणार नाही. शहरी कचऱ्यातलं प्लास्टिक, कृत्रिम रबर आणि कृत्रिम धागे जाळून केलेल्या विजेचंही तेच, कारण त्यांचं मूळ खनिज तेलात आहे. म्हणून युरोपात घरगुती कचऱ्यापासून झालेली साधारण निम्मीच वीज नवीकरणीय धरतात.

स्वीडनमध्ये कचरा जाळून मिळणारी बरीचशी उष्णता नळांवाटे घरं उबदार ठेवायला जाते. तिथला हिवाळाच तसा आहे. दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये डेन्मार्कच्या तंत्राने उभारलेलं केंद्र मात्र अवघ्या 21 दिवसांत थंडावलं. आपला कचरा ओला, मातीमिश्रित. त्यात पुरेशी आचच नव्हती. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत जाळायच्या कचऱ्यासाठी किलोमागे 1500 किलोकॅलरी हा निकष आला, तो याच अडचणीवर बोट ठेवतो. पिंपरी-चिंचवडमध्ये मोशीला 2023 मध्ये कचऱ्यावरचं वीजकेंद्र सुरू झालं, पण त्या शहराइतका कचरा भंडारा, तुमसर किंवा पवनीत निघत नाही.

माझं स्पष्ट मत असं, की आपल्या नगरपरिषदांनी विजेच्या मागे लागू नये. भंडारा जिल्ह्यात जाळण्याजोगं कोरडं, एकसारखं इंधन राईस मिलमध्ये आहे, धानाच्या तुसाच्या रूपाने. ओल्या कचऱ्याचं खत करावं, विकलं जाईल ते प्लास्टिक भंगारात द्यावं आणि उरलेलं चंद्रपूरच्या सिमेंट भट्ट्यांकडे पाठवावं. त्यासाठी घंटागाडीत ओला आणि सुका कचरा वेगळा टाका, एवढीच विनंती.