कारखान्यातील घरांची भिस्त सांध्यांवर

भिंती, स्लॅब व जिने कारखान्यात ओतायचे आणि जागेवर क्रेनने जुळवायचे, या पद्धतीने बांधकामाचा वेळ बराच वाचतो. मात्र त्यासाठी मूळ आराखडाच त्या दृष्टीने करावा लागतो. साचे कमी लागावेत म्हणून भागांची मापे ठरावीक ठेवली जातात. प्रत्येक भाग ट्रेलरवर मावेल व क्रेनला पेलेल, हेही आधीच पाहावे लागते.

या पद्धतीची खरी कसोटी सांध्यांत असते. पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत १६ मे १९६८ रोजी पहाटे गॅसचा स्फोट झाला. १८व्या मजल्यावरील कोपऱ्याच्या घराच्या भिंती बाहेर फेकल्या गेल्या. आधार सुटताच त्या कोपऱ्यातील वरचे मजले कोसळले आणि त्यांच्या आघाताने खालचेही ढासळले. चौघांचा बळी गेला. रहिवासी येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

स्फोट फार मोठा नव्हता. भिंती व स्लॅब एकमेकांना पुरेसे जखडलेले नव्हते. १९७० मध्ये ब्रिटनने नियम बदलले. एका ठिकाणची हानी इमारतभर पसरता कामा नये, असे बंधन पाच व त्याहून अधिक मजल्यांच्या इमारतींवर आले. १९८६ मध्ये रोनन पॉइंट उतरवताना सांध्यांतील निकृष्ट कामही उघडे पडले.

भाग कारखान्यात कितीही अचूक बनला, तरी सांधा जागेवरच भरला जातो. म्हणूनच तो सहज भरता व तपासता येईल, अशी तजवीज आराखड्यातच हवी.